पाण्याखाली गेलेल्या जमिनी आणि पुनर्वसनाचा कायदा

जीर्ण झालेल्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. भिंत खचली तर ती पुन्हा उभारता येते, शिखर ढासळले तर नवे चढविता येते, सभामंडप अपुरा पडू लागला तर तो वाढविता येतो. गावाने मनावर घेतले, घरटी वर्गणी जमली आणि चार जाणती माणसे राबली की असे कार्य तडीस जाते. परंतु या सर्वांच्या आधी एक गोष्ट जागेवर असावी लागते, ती म्हणजे पायाखालची जमीन. जमीनच गेली तर देवाने राहावे कोठे आणि भक्तांनी तरी जावे कोठे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. पुणे जिल्ह्यातच त्याची उदाहरणे आहेत. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. जलाशय आटू लागला की त्याचे शिखर वर येते, आणि पाणी फारच खाली गेले तर सारे मंदिर मोकळे होते. भोर तालुक्यात वेळवंडी नदीकाठचे कांबरेश्वराचे मंदिर भाटघरच्या पाण्यात असते. उन्हाळ्याच्या अखेरीस काही दिवस ते दर्शनास खुले होते व भाविक त्या दिवसांत तेथे जातात. देऊळ असे वर्षातून एकदा तरी परत येते, पण त्याभोवतीचे गाव परत येत नाही. त्या गावच्या माणसांना दुसरीकडे जमीन मिळाली काय, आणि मिळाली ती कोणाच्या मर्जीने की कोणत्या अधिकाराने, याची हकीकत देवळाच्या हकीकतीइतकीच सांगण्याजोगी आहे.

डिंगोरे गाव माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय येथून जवळच आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत. त्यामुळे पाणी येणे म्हणजे काय आणि पाण्याखाली जाणे म्हणजे काय, हे दोन्ही या भागातील लोकांना ठाऊक आहे. पाण्याने जमीन गेलेल्या माणसांनी कायद्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांची माहिती नव्या पिढीस व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या कायद्यातील नदी

नदी ही जमीन देते आणि नेतेही. एका काठाला गाळ साचून मळई तयार होते, तर दुसऱ्या काठाचा बांध खरवडून जातो. इंग्रजी अमदानीतील १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात या दोन्ही गोष्टींचा विचार केलेला होता. मळई वाढली तर तिच्यावर आकार कसा बसवावयाचा आणि नदीने जमीन वाहून नेली तर आकार कसा कमी करावयाचा, याच्या तरतुदी त्यात होत्या. पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला व १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. त्यातही हेच सूत्र राहिले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सरकारने वाहून गेलेल्या जमिनीचा सारा सोडला, पण गेलेली जमीन भरून देण्याची जबाबदारी घेतली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा हा खर्चातला लहानसा भाग आणि जमीन हे सर्वस्व. कायद्याने लहान भागाची दखल घेतली व सर्वस्व दैवावर सोडले. महापूर ही देवाची करणी, तिच्यापुढे सरकार ते काय करणार, असा त्या काळचा समज होता व लोकांनीही तो मान्य केला होता.

माणसाने बांधलेल्या धरणामुळे जेव्हा जमिनी बुडू लागल्या, तेव्हा मात्र हा समज टिकला नाही.

मुळशी : कायद्याविरुद्धचा लढा

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयास घेतले. पन्नासावर गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीसाठी जमिनी घेण्याचे ठरविले. या कायद्यात सरकारने जमीन घ्यावी, बाजारभावाने तिची किंमत द्यावी आणि सक्तीने घेतली म्हणून वर शेकडा पंधरा द्यावेत, एवढेच होते. पैसे घेऊन माणूस कोठे जाईल, काय पिकवील, याचा विचार करण्यास कायदा बांधलेला नव्हता.

मावळ्यांना हे मान्य झाले नाही. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख पुढारी होत. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. ‘जान किंवा जमीन’ अशी प्रतिज्ञा होती. स्त्रियांसह अनेकांनी तुरुंगवास पत्करला. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झाले. मुळशीच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला गेली व मावळे देशोधडीला लागले.

मुळशीत लोक हरले याचे एक कारण असे की कायदा सर्वस्वी दुसऱ्या बाजूस होता. ज्याच्याकडे दाद मागावी असे एकही कलम त्यांच्या हाती नव्हते. ते कायद्याविरुद्ध लढले. पन्नास वर्षांनी त्यांच्याच जातीचे दुःख भोगणाऱ्यांनी कायद्यासाठी लढावयाचे ठरविले. या दोन लढ्यांतील खरा फरक तो हाच.

पानशेत : महापूर आणि मदत

मधल्या काळात पुणे शहरावर मोठे संकट आले. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण काम पुरे होण्याआधीच फुटले. त्याच्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्यात गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण सावरून धरले होते, म्हणून पाणी दिवसा आले व असंख्य जीव वाचले, ही गोष्ट पुणेकर कृतज्ञतेने सांगतात.

पुराच्या पाठोपाठ सरकारी यंत्रणा हलली. सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे पूरग्रस्त पुण्याच्या उभारणीचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी ते झपाट्याने केले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहतींचा विस्तार पूरग्रस्तांच्या निवाऱ्याशी जोडलेला आहे. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमिनी मिळाल्या. त्या जमिनींवरील मालकी हक्काचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके चर्चेत राहिला. घरे बांधून झाली, दुसरी पिढी मोठी झाली, तरी जमिनीच्या कागदावर अटी व शर्ती होत्याच.

पानशेतच्या वेळी मदत तातडीने झाली, याबद्दल दुमत नाही. परंतु ती मदत सरकारच्या निर्णयाने झाली होती. निर्णय करणारा अधिकारी कर्तबगार होता, शहर मोठे होते, वर्तमानपत्रे हाताशी होती, म्हणून काम झाले. डोंगरातल्या वाडीला यांतले काहीच लाभत नाही. अशा वाडीला आधार एकच, तो म्हणजे लिहिलेला कायदा.

आधी पुनर्वसन, मग धरण

स्वातंत्र्यानंतर राज्यात धरणांची कामे वेगाने सुरू झाली. कोयनेचा शिवाजीसागर भरला तेव्हा जावळी व पाटणच्या डोंगरातील गावे उठली. तेथील लोक घाटावर आणि कोकणात निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरले गेले. त्या काळी पुनर्वसन हे सरकारी ठरावांवर चाले. ठराव बदलला की हक्क बदले. एका धरणाच्या लोकांना एक न्याय आणि शेजारच्या धरणाच्या लोकांना दुसरा, अशी स्थिती होती.

सत्तरच्या दशकात धरणग्रस्त शेतकरी संघटित होऊ लागले. भाई दत्ता देशमुख, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यांचा प्रश्न राज्यापुढे मांडला. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा गावोगाव गेली. या चळवळीचा शहाणपणा असा की तिने धरणाला सरसकट विरोध केला नाही. दुष्काळी मुलखाला पाणी हवे, हे तिने मान्य केले. मात्र ज्यांच्या शेतात ते पाणी जाणार, त्यांनी ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली त्यांना वाटा दिला पाहिजे, आणि हा वाटा कोणाच्या उदारपणावर न राहता कायद्याने मिळाला पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले. अखेर १९७६ साली महाराष्ट्र प्रकल्प विस्थापितांच्या पुनर्वसाहतीचा अधिनियम झाला. देशातील कोणत्याही राज्याने अशा प्रकारचा केलेला हा पहिला कायदा होय. मध्य प्रदेशाने १९८५ मध्ये आणि कर्नाटकाने १९८७ मध्ये आपापले कायदे केले. म्हणजे महाराष्ट्रातील धरणग्रस्तांनी जे मागितले, ते पुढे इतर राज्यांतील लोकांनाही उपयोगी पडले.

याच काळातले आणखी एक उदाहरण येथे देणे उचित होईल. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी ही एक योजना म्हणून चालली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजना होती तोवर काम देणे ही सरकारची इच्छा होती. कायदा झाल्यावर काम मागणे हा मजुराचा हक्क झाला. खडी तीच, टिकाव तोच, पण मागणाऱ्याची मान ताठ झाली. धरणग्रस्तांच्या बाबतीत १९७६ च्या कायद्याने हेच घडविले.

कायद्याने काय दिले

कायद्याचे सूत्र समजावयास सोपे आहे. धरणाखाली जमीन जाते ते बुडीत क्षेत्र आणि कालव्याचे पाणी मिळते ते लाभक्षेत्र. लाभक्षेत्रात ज्यांच्याकडे ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असेल, त्यांच्याकडून जादा जमिनीचा काही भाग मोबदला देऊन घ्यावयाचा आणि तो धरणग्रस्तांस द्यावयाचा. या मर्यादेला लोकांच्या बोलण्यात ‘स्लॅब’ म्हणतात. काही प्रकल्पांत आठ एकरांचा व काही प्रकल्पांत चार एकरांचा स्लॅब लागला. जमिनी आधीच विकून टाकल्या जाऊ नयेत म्हणून दोन्ही क्षेत्रांत हस्तांतरणावर निर्बंध घालण्यात आले. सातबाराच्या इतर हक्कांत पुनर्वसनाचा शेरा आला तो यातूनच.

जमिनीखेरीज नव्या गावठाणात पिण्याचे पाणी, शाळा, समाजमंदिर, पोहोच रस्ता, अंतर्गत रस्ते, वीज, स्मशानभूमी, गुरचरण अशा सोयी करून देण्याची जबाबदारीही शासनावर आली. ‘अठरा नागरी सुविधा’ हा शब्दप्रयोग धरणग्रस्त गावांत लहान मुलांच्याही तोंडी असतो.

कायदा एकदा होऊन थांबला नाही. १९८६ साली अधिक व्यापक असा प्रकल्पबाधित व्यक्तींच्या पुनर्वसनाचा अधिनियम झाला आणि १९९९ साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. दफ्तरात पाहिले तर १९८६ च्या कायद्याचा क्रमांक सन १९८९ चा ३२ असा आहे, आणि १९९९ च्या कायद्याचा सन २००१ चा ११ असा आहे. भूसंपादन हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने अशा कामात राज्याच्या विधेयकास राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहावी लागते, आणि नावातले साल व क्रमांकातले साल यांत असे अंतर पडते. कायदा मागणाऱ्यांनी धीर किती धरावा लागतो, याचा अंदाज यावरून यावा.

पुढे केंद्राने १८९४ चा कायदा रद्द करून २०१३ चा नवा कायदा आणला व तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. मुळशीच्या मावळ्यांना ज्या कायद्याने उठविले, तो सुमारे एकशे वीस वर्षांनी गेला. नव्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘पुनर्वसन’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द आहेत. सिंचन प्रकल्पात जमीन गेलेल्या कुटुंबास लाभक्षेत्रात किमान एक एकर द्यावी असे त्यात म्हटले आहे, मात्र ‘शक्यतो’ असा शब्दही तेथेच आहे. कायद्यातील असे लहान शब्द वाचावयास विसरू नये.

कुकडीचे खोरे

कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही पाच धरणे येतात. त्यांचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर यांखेरीज पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा या दूरच्या तालुक्यांना जाते. ज्या गावचे पाणी त्याच गावाला, असा हिशेब येथे नाही. डोंगरातील गावाने जमीन द्यावयाची आणि शंभर मैलांवरील दुष्काळी शिवाराने पिकावयाचे, असा हा व्यवहार आहे. तो पुण्याचा खरा, पण तो न्यायाचाही व्हावयास हवा.

घोड नदीवरील डिंभे धरणात ज्या आंबेगाव नावाच्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते मूळ गावच बुडाले. तालुक्याचे नाव राहिले, कचेरी घोडेगावला राहिली आणि गाव पाण्यात गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. बुडालेल्या व कडेच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. पुष्कळांनी डोंगर सोडला नाही. पाणी चढले तसे तेही वर चढले आणि उतारावर राहिले.

या लोकांनी जमीन पुन्हा कशी केली, ही हकीकत विशेष आहे. आनंद कपूर व कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेच्या सोबतीने त्यांनी दोन मार्ग धरले. पहिला मार्ग गाळपेरीचा. उन्हाळ्याकडे जलाशय ओसरला की जी ओली जमीन उघडी पडते तीत पीक घ्यावयाचे आणि ती जमीन कसण्याचा पहिला मान धरणग्रस्तांनाच मिळावा, असा आग्रह धरावयाचा. दुसरा मार्ग पडकईचा. उतारावर दगडाची ताल रचून, माती अडवून, भाताची खाचरे तयार करावयाची. हे काम एकट्याने होत नाही. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात, असे सर्वांनी मिळून करावयाचे असते. या कामाला सरकारी योजनेत जागा मिळावी म्हणून पाठपुरावा झाला आणि पुढे शासनाने पडकईचा कार्यक्रम हाती घेतला. बुडालेली जमीन परत आली नाही, पण नवी जमीन माणसाच्या हातांनी तयार झाली.

दोन्ही बाजू

कायदा झाला म्हणजे सर्व झाले असे नाही. धरणग्रस्तास पर्यायी जमीन हवी तर त्याने मिळालेल्या भरपाईतील ६५ टक्के रक्कम भरावी, अशी अट १९९९ च्या कायद्यात होती. घर उठलेल्या माणसाच्या हातात पैसा टिकत नाही. लग्न, आजारपण, नवे घर यांत तो जातो. मुदतीत रक्कम भरली नाही म्हणून जमिनीचा हक्क गेला, अशी प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. जमीन वाटपाच्या आदेशावर नाव असते, परंतु मोजणी होत नाही. मोजणी झाली तर ताबा मिळत नाही. ताबा मिळाला तर जमीन मुरमाड निघते. आदेश, मोजणी, ताबा आणि सातबारा ही चार पावले पुरी झाल्याखेरीज पुनर्वसन झाले असे समजू नये.

दुसरी बाजूही आहे. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या सातबारावर शेरा पडतो, पण कालव्याचे पाणी वेळेवर येतेच असे नाही. जमीन विकता येत नाही, वाटणी अडते, बँक कर्ज देताना विचारात पडते. पाणी आले नाही तर वाटा कशाचा द्यावयाचा, हा त्याचा सवाल खोटा नाही. डोंगरातला आणि सपाटीवरचा असे दोन शेतकरी एकमेकांसमोर उभे राहतात व दोघेही खरे बोलत असतात. या दोघांत तंटा लागू न देता दोघांनाही मुदतीत न्याय देणे, हे कायदा राबविणाऱ्या यंत्रणेचे काम आहे.

ज्यांच्यासाठी कायदा नाही

धरणाने जमीन गेली तर १९७६ पासून काही ना काही कायदा आहे. महापुराने किंवा दरड कोसळून गेली तर काय?

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली व गाव दुसऱ्या जागी वसवावे लागले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे क्षणात गाडली गेली. सकाळी आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा जगाला बातमी कळली. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये व १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांच्यावर हाच प्रसंग ओढवला.

माळीणकरांसाठी आमडे येथे जागा घेऊन नवी घरे बांधण्यात आली व एप्रिल २०१७ मध्ये ती त्यांच्या स्वाधीन झाली. पहिल्याच पावसाळ्यात रस्ते व भराव खचल्याची तक्रार झाली. माळीणच्या दुर्घटनेनंतर डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवले गेले. हाताने, बेताबेताने करावयाचे पडकईचे काम यंत्राच्या जोराने केल्यास डोंगर ते सोसतो का, हा विचार डोंगराकाठच्या सर्व गावांनी करण्याजोगा आहे.

माळीणला मिळालेली मदत मोठी होती. देशभरातून हात पुढे आले. परंतु ती शासनाच्या निर्णयाने व समाजाच्या दयाबुद्धीने मिळाली. पुनर्वसनाचा १९९९ चा कायदा प्रकल्पबाधितांसाठी आहे, त्यात डोंगर कोसळलेल्या गावाचा समावेश होत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रापासून जिल्ह्यापर्यंत प्राधिकरणे नेमली, मदतीचे किमान निकष ठरविण्यास सांगितले, पण जमिनीच्या बदल्यात जमीन असा हक्क दिला नाही.

मदतीच्या निकषांत खरडून गेलेल्या जमिनीचा उल्लेख आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे अल्प व अत्यल्प भूधारकास गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये आणि जमीनच वाहून गेली असता हेक्टरी ४७,००० रुपये ठरलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांनी काठची काळी माती धुऊन नेली, तेव्हा या रकमेत शेत पुन्हा उभे राहणार नाही हे सर्वांना दिसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंत काम करून देण्याचे ठरले. माती परत आणावयाची तर रोख पैशापेक्षा राबणारे हात व माती वाहणारी वाहने लागतात, हे त्यात ओळखले गेले, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि हाही निर्णयच. त्याच वेळी शेतकरी ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी करीत होते, आणि नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नाही असे त्यांना उत्तर मिळाले. १९२१ साली ‘पुनर्वसन’ हा शब्दही कायद्यात नव्हता. लोकांनी तो पन्नास वर्षे उच्चारला, तेव्हा तो कायद्यात आला. जो शब्द आज पुस्तकात नाही तो उद्याही येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

मागण्याची रीत

धरणग्रस्तांच्या हकीकतीतून पूरग्रस्त व दरडग्रस्त गावांनी घ्यावयाचा धडा सरळ आहे. संकटाच्या दिवशी मदत मागावी, तीत कमीपणा नाही. परंतु संकट ओसरल्यावर कायदा मागावा. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात कसण्याजोगी जमीन, ती नसेल तर खरडलेली जमीन सुधारून देण्याची जबाबदारी, नवे गावठाण, त्याच्या जागेची भूगर्भ तपासणी, आणि या सर्वांस मुदत, एवढ्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम येते. धरणग्रस्तांनी ‘आम्हांला न्याय द्या’ एवढेच म्हटले असते तर आश्वासन मिळाले असते. त्यांनी लाभक्षेत्रातील जमीन मागितली, म्हणून कायदा मिळाला.

कायदा मागणाऱ्या गावाजवळ कागद असावे लागतात. ज्याचा सातबारा अद्ययावत, वारसाची नोंद झालेली, गावठाणाचा नकाशा जपलेला, घराची नोंद ग्रामपंचायतीत असलेली, त्याचा दावा टिकतो. डोंगरातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती, पण कागदावर त्यांचे नाव नव्हते, म्हणून भरपाईच्या यादीतही ते आले नाही. आजोबांच्या नावावरचा सातबारा नातवाच्या हयातीतही तसाच राहिला, तर संकटाच्या वेळी तो कामास येत नाही. आपत्ती सांगून येत नाही, पण नोंदी आधी करता येतात.

मंदिराच्या निमित्ताने गाव एकत्र येते, हिशेब ठेवते, समिती नेमते, ठराव करते आणि ठरविलेले काम शेवटास नेते. कायदा मागावयास तरी दुसरे काय लागते? मुळशीच्या मावळ्यांपाशी निष्ठा होती, पण हाती कायदा नव्हता. त्यांच्या नंतरच्यांनी तो मिळविला. माळीण व तिच्यासारख्या गावांसाठी तो अजून मिळवावयाचा आहे. या कामी जुन्नर व आंबेगावच्या डोंगरकुशीतील गावांनी पुढे व्हावे, कारण डोंगर आणि पाणी या दोन्हींचा शेजार त्यांना लाभलेला आहे. श्रीचरणी प्रार्थना अशी की ज्यांची जमीन पाण्याने वा दरडीने गेली, त्या सर्वांस पुन्हा उभे राहावयास हक्काची जमीन मिळो.